पंधराशे बावीस फुटांचं अभयारण्य

जुलै लागला की आमच्या शहरात पेपर जायकवाडीच्या चौकटीपासून वाचला जातो. आजची पातळी अमुक फूट, जिवंत साठा तमुक टक्के, वरून आवक इतके क्यूसेक. धरण काठोकाठ भरलं म्हणजे १५२२ फूट, हे छत्रपती संभाजीनगरच्या रिक्षावाल्यालाही तोंडपाठ असतं. रिक्षात बसताना नुसतं 'किती झालं?' विचारायचं, काय किती, ते सांगावं लागत नाही. (धरण भरूनही नळाला रोज पाणी का येत नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय. तो लिहिता लिहिता इथल्या पत्रकारांची एक पिढी निवृत्त झाली.)

त्याच पाण्याची आणखी एक सरकारी ओळख आहे. १९८६ मध्ये धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, आणि त्याचा काठ मिळून ३४१ चौरस किलोमीटरचं जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांची शिवं त्याला भिडलेली. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात, तलवार बदकं येतात, एखाद्या साली रोहितांचे थवे उथळ पाण्यात गुलाबी रेघ ओढतात. या अभयारण्याचा आकडा मात्र कोणाला विचारून बघा. यंदा किती आले? मागल्या साली किती होते? जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, पक्षीमित्र पहाटेच्या थंडीत दुर्बिणी घेऊन काठाकाठाने फिरतात, आतल्या पानावर बातमी येते, आणि विषय पुढच्या जानेवारीपर्यंत मिटतो.

निसर्ग वाचवणारे कायदे किती कामाचे, हे तपासायला बसलं की आपण कलमं मोजतो, शिक्षेची वर्षं मोजतो, नकाशावरचा हिरवा रंग मोजतो. मला वाटतं, आधी पेपरातली चौकट बघावी. ज्या गोष्टीसाठी कायद्याने आकडा ठरवून दिला, तिच्यासाठी माणसं भांडतात, कोर्टात जातात आणि शेवटी शिव्या देत का होईना, पाणी सोडतात. ज्या गोष्टीसाठी कायद्याने नुसती हद्द आखली, तिथे फलक उभा राहतो.

एकाच पाण्यावरचे दोन कायदे शेजारी ठेवून बघा. पहिला २००५ चा, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. खोऱ्यातलं पाणी समन्यायी वाटावं, असं त्यात कलम आहे. त्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असं भांडण पेटलं, मेंढेगिरी समिती बसली, २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश आला, तो उच्च न्यायालयाच्या कसोटीला लागला. निघालं काय, तर एक तारीख आणि एक टक्केवारी. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. वरचे म्हणतात अन्याय, खालचे म्हणतात अजून कमीच. दोघांना पटलेली गोष्ट एकच, ती म्हणजे मोजपट्टी.

दुसरा कायदा १९७२ चा, वन्यजीव संरक्षणाचा. त्याचं २९ वं कलम जायकवाडीच्या भिंतीवर उभं राहून वाचावं. अभयारण्यातल्या प्राण्यांचा अधिवास नष्ट करायचा नाही, बिघडवायचा नाही. अभयारण्यात येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह वळवायचा नाही, अडवायचा नाही, वाढवायचाही नाही. मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना असेल तरच चालेल, आणि तो परवानाही वन्यजीवांच्या भल्यासाठी असेल तरच. हे वाचून झाल्यावर समोर बघायचं. दहा किलोमीटर लांब मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, दोन बाजूंना निघालेले डावा आणि उजवा कालवा. आपण उभे आहोत ते अभयारण्य मुळात अडवलेल्या प्रवाहाचंच आहे.

दरवाजांच्या किल्ल्या वनखात्याकडे द्या, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, ते मराठवाड्याच्या शेतीसाठी. शंभराहून अधिक गावांनी त्यासाठी घरदार सोडलं. पण जंगलातला ओढा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं कलम धरणावर चिकटवलं की त्याचं काय होतं, ते इथे दिसतं. ते पाळणं अशक्य, म्हणून ते मोडलं जातंय असंही कोणाला वाटत नाही. जमीन जलसंपदा विभागाची, पक्षी वनविभागाचे, पाणी कालवा सल्लागार समितीचं, आणि पाण्यावर पोट असलेली माणसं कोणाचीच नाहीत.

पक्ष्याला लागणारं पाणी आणि माणसाला लागणारं पाणी ही मुळातच दोन वेगळी पाणी आहेत. माणसाला १५२२ फूट हवं. बदकांना, करकोच्यांना, चिखल्यांना लागतं गुडघाभर पाणी, त्याखालचा मऊ गाळ, त्यातले किडे आणि पाणवनस्पतींचे कोंब. धरण तुडुंब भरलं की ही उथळ पट्टी बुडते, पाणी थेट शेताच्या बांधाला लागतं आणि पक्षी कमी दिसतात. कालवे सुटतात, पाणी मागे सरकतं, काठावर काळाशार गाळ उघडा पडतो. मग थवे उतरतात. म्हणजे शहराला ज्या आकड्याने हायसं वाटतं, त्यावर पक्ष्यांचं काहीच ठरत नाही. त्यांचं सगळं पाणी किती वेगाने आणि कोणत्या महिन्यात उतरतं यावर अवलंबून. या उतरण्याचं वेळापत्रक गव्हाच्या आणि उसाच्या पाळ्यांवर ठरतं. पाळीच्या बैठकीत पक्ष्यांच्या बाजूने कोणी बोलावं, अशी कायद्यात सोय नाही.

आणि त्याच उघड्या पडलेल्या गाळावर माणसाचाही डोळा असतो. त्याला गाळपेर म्हणतात. पाणी हटलं की नांगर न घालता, खत न देता हरभरा, गहू, कांदा फेकावा आणि ओलीवर पीक काढावं. गाळपेरीची जमीन एकसाली पट्ट्याने द्यायची आणि त्यात धरणग्रस्तांना पहिला मान द्यायचा, ही जलसंपदा विभागाची जुनी रीत. ज्याची जमीन १५२२ फुटांखाली गेली, त्याला निदान चार महिने तिचा कडेचा पदर मिळावा, यात न्याय आहे. पण १९८६ नंतर तीच जमीन अभयारण्यात आली. एका खात्याच्या कागदावर जो पट्टेदार, तोच दुसऱ्या खात्याच्या कागदावर अतिक्रमण करणारा. काठावरच्या विजेच्या मोटारी, पाण्यात लोंबणारे काळे पाइप, फवारणीचे पंप, हे सगळं याच दुहेरी कागदाच्या फटीत वाढलं.

मासेमारीचंही तसंच. कहार आणि भोई समाज नाथसागरावर जगतो. बरेच जण थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकतात. बूड जेमतेम टेकेल एवढा तो तुकडा, वाऱ्याने कलला की माणूस पाण्यात. धरण झालं तेव्हा त्यांना जलाशयातली मासळी हे नवं साधन म्हणून दाखवलं गेलं. दहा वर्षांनी त्याच जलाशयाचं अभयारण्य झालं. पाणकावळा मासा धरतो तो निसर्ग आणि भोई धरतो तो गुन्हा, हा हिशेब काठावर कोणाला पटवून देणार? कायद्याकडून संरक्षणाची अपेक्षा करायची, तर ज्यांचा त्या पाण्याशी सगळ्यात जुना संबंध, त्यांना तो कायदा आपला वाटला पाहिजे. इथे तो बहुधा खाकी कपड्यात आणि दंडाच्या पावतीत भेटतो.

गंमत अशी, की नाथसागराच्या बाजूने अलीकडची सगळ्यात मोठी कायदेशीर लढाई कोणी लढली असेल, तर ती याच समाजाच्या संघटनेने. जलाशयावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारायचं ठरलं, टीएचडीसी या सरकारी कंपनीमार्फत. त्याविरुद्ध कहार समाज पंच समिती राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठात गेली. म्हणणं असं, की हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, पाणी पॅनेलखाली झाकलं तर पक्षी आणि मासे दोन्ही जातील. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने उत्तर दिलं, की संवेदनशील क्षेत्राच्या जुलै २०१७ च्या अधिसूचनेत अक्षय ऊर्जेला उत्तेजनच द्यायचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये लवादाने अर्ज फेटाळला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. सौरऊर्जेलाही विरोध केला तर देश पुढे कसा जाणार, असा खंडपीठाचा सूर होता.

या प्रकरणात माझं लक्ष निकालापेक्षा त्या अधिसूचनेतल्या एका ओळीवर खिळलं. अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचना देशभर जवळजवळ एकाच साच्यातून निघतात. शेवटी तक्ता असतो: बंदी असलेल्या गोष्टी, नियंत्रित गोष्टी, उत्तेजन द्यायच्या गोष्टी. खाणकाम पहिल्या रकान्यात, हॉटेल दुसऱ्यात, सेंद्रिय शेती तिसऱ्यात. या तिसऱ्या रकान्यात साच्यातली ठरलेली ओळ असते: अक्षय ऊर्जा, म्हणजे बायोगॅस, सौरदिवे वगैरेंना सक्रिय उत्तेजन द्यावं. ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण असेल? काठावरच्या गावातली बाई, तिची गोबरगॅसची शेगडी, अंगणातला सौरकंदील, सरपणासाठी न तोडलेलं झाड. त्या कंदिलाच्या ओळीवरून आता मेगावॅटचा प्रकल्प पाण्यात उतरू शकतो. शब्दाशब्दाने बघितलं तर मंत्रालय चुकलेलं नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. 'किती' हा शब्द ओळीत नाही. शिवाय संवेदनशील क्षेत्र म्हणजे अभयारण्याभोवतीचा पट्टा. पाणी हे खुद्द अभयारण्य. काठासाठी लिहिलेली सवलत पाण्यावर तरंगते तेव्हा २९ व्या कलमाचं काय, हा प्रश्न मला तरी अजून उघडाच वाटतो.

सौरऊर्जेला माझा विरोध नाही. मराठवाड्याचं ऊन आणि मराठवाड्याचं लोडशेडिंग या दोन्हींत आयुष्य गेलं आहे. पण एवढ्या पाण्यातला कोणता तुकडा खोल, कोणता उथळ, कुठे थवे उतरतात आणि कुठे फक्त लाटा असतात, हे काठावरचा कुठलाही भोई बोटाने दाखवेल. पक्ष्यांसाठी उथळ पाण्याची किमान हद्द कायद्याने आधी मोजून ठेवली असती, तर प्रकल्पाला 'इथे नको, तिथे बघा' असं सांगता आलं असतं. आकडा नसला की चर्चा हो किंवा नाहीवर येते आणि 'हो' जिंकतं.

पाणथळ जागांसाठी वेगळे नियम नाहीत का? आहेत, २०१७ चे. त्यातली व्याख्या मात्र नीट वाचावी. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले मानवनिर्मित साठे वगळले, सिंचनासाठी बांधलेली कामंही वगळली. म्हणजे नाथसागर त्या नियमांच्या दारातच अडतो. याच गोदावरीवर वर, निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. तेही माणसानेच बांधलेलं, १९०७ ते १९१३ दरम्यानच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळाने तयार झालेलं. आणि तेच जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पुढे लोणार आणि ठाण्याची खाडी त्या यादीत गेली. रामसरचा आंतरराष्ट्रीय करार विचारतो की पाणी, गाळ, पक्षी आहेत का. आपले नियम विचारतात की बांधलं कशासाठी. पट्टकादंबाला यातला फरक माहीत असण्याची शक्यता कमी.

जायकवाडीला पाठ करून कन्नडच्या बाजूला निघालं की दुसरं अभयारण्य लागतं, तेही १९८६ चंच: गौताळा औट्रमघाट, २६० चौरस किलोमीटर, आपला जिल्हा आणि जळगाव मिळून. नाव भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. शहराचं नाव बदललं, घाटाचं राहिलं. पोटात पितळखोऱ्याची लेणी, खाली पाटणादेवी. मार्च २०२१ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला. सुमारे ऐंशी वर्षांनी. यवतमाळच्या टिपेश्वरहून तीनशेहून अधिक किलोमीटर चालून. वनखात्यात आनंदीआनंद झाला, आमच्याही पेपरात पहिलं पान.

पण त्या वाटेचा हिशेब मांडा. टिपेश्वरला कायदा आहे, गौताळ्याला कायदा आहे, मधल्या कापसाच्या आणि सोयाबीनच्या शिवारांना, रस्त्यांना, कालव्यांना, विहिरींना वाघाच्या दृष्टीने काहीच नाही. तो वाघ कायद्यामुळे आला नाही, लोकांनी बघून न बघितल्यासारखं केलं म्हणून आला. आणि घाटातून जो सोलापूर-धुळे महामार्ग जातो, त्यावर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनं थांबली, ती तासन् तासांच्या वाहतूक कोंडीने माणसं हैराण झाली म्हणून. रात्रीची शांतता प्राण्यांना फुकटात मिळाली.

नुसती हद्द मोठी आखून काय होतं, याचा धडा आपल्या शेजारी सोलापूर-नगरच्या माळावर पडलेला आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं: ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, बाजार आले, साखर कारखाने आले, जमिनीचे व्यवहार अडकले. ज्या शेतकऱ्याच्या माळावर हा पक्षी अंडं घालायचा, त्यालाच तो शत्रू वाटू लागला. सातबाऱ्यावर अभयारण्याचा शिक्का कोणाला हवा असतो? शेवटी हद्द कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. तोवर माळावर पाणी आलं होतं, ज्वारी-करडईच्या जागी ऊस उभा होता, आणि माळढोक जवळजवळ संपला होता. कागद तोच, हद्द कमी-जास्त; मधल्या सगळ्या वर्षांत 'यंदा पक्षी कमी झाले तर अमुक करायचं' असं लिहिलेली ओळ कुठेच नव्हती.

अभयारण्यांची परीक्षा होते, हेही सांगायला हवं. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेमार्फत व्यवस्थापन परिणामकारकता मूल्यांकन चालतं. बाहेरचं पथक येतं, तीसेक प्रश्नांवर गुण देतं, शेरा मारतं. पद्धत वाईट नाही. पण प्रश्न बघितले तर आराखडा आहे का, माणसं पुरेशी आहेत का, वाहनं आहेत का, निधी वेळेवर येतो का, यांचीच रांग लांब. प्राण्याचं बरं चाललंय की वाईट, हा त्यातला एक भाग. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी खडू, फळे, बाकडी मोजावीत आणि पोरांना पाढे विचारायला घंटा व्हायची वेळ उरावी, तसं. आणि नापास झालं तर पुढे काय, याचं उत्तर कुठल्या कलमात नाही.

गावपातळीवर २००२ चा जैवविविधता कायदा आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती, प्रत्येक समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही. कल्पना इतकी सुंदर, की गावाने आपलं झाड, गवत, मासा, औषध, बी स्वतः नोंदवायचं. वर्षानुवर्षं कोणी हललं नाही. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली, नंतर महिना दहा लाखांच्या भरपाईचा दट्ट्या लावला, आणि देशभर नोंदवह्या भराभर तयार झाल्या. माझ्या हातात आलेल्या एका नोंदवहीत कोरडवाहू गावाच्या माशांच्या यादीत मी असे मासे वाचले, जे पोहायला त्या गावात पाणीच नाही. आकडा मागितला की आकडा मिळतो. तो खरा आहे का, हे विचारायला कोणी नेमलेलं नव्हतं. माझ्या म्हणण्याला हा उलटा टोला आहे, मान्य. त्यातच २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातली तुरुंगवासाची तरतूद काढून नुसता दंड ठेवला.

त्याच कायद्यात जैविक वारसा स्थळ जाहीर करायची सोय आहे. पुण्याची गणेशखिंड बाग, म्हणजे कृषी विद्यापीठाच्या फळसंशोधनाची जागा, अशीच वारसा ठरली. आपली हिमायतबाग मोगल काळापासूनची आहे आणि तिथेही कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. चाल पुण्याने खेळून दाखवली आहे. तिथून हाकेवर खिजरी तलाव, आताचं सलीम अली सरोवर. निजामाच्या राज्यातले पक्षी १९३१-३२ मध्ये ज्यांनी हिंडून नोंदवले, त्यांचं नाव या तळ्याला दिलं ते छान झालं. उद्यान आणि होड्या की पक्षी, हा वाद खंडपीठापर्यंत गेला आणि तळं वर्षानुवर्षं लोकांसाठी बंद राहिलं. या तळ्याला तरी मला वाटतं बंद दाराने जेवढं वाचवलं, तेवढं कुठल्या कलमाने नाही. फाटकाला कुलूप असलं तरी सांडपाणी मात्र आत जातंच.

मागच्या डिसेंबरात पहाटे पैठणच्या बाजूने काठावर गेलो होतो. धुकं पाण्यापासून हातभर वर तरंगत होतं. फलकावर अभयारण्याचे नियम होते, अर्धे गंजलेले. त्याच्या पलीकडे गाळपेरीचा हरभरा, घाटे धरायच्या आधीचा, कोवळा, आंबट दवाने ओला. त्यात दीडदोनशे पट्टकादंब उतरले होते. राखाडी अंग, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, आणि माना खाली घालून ते शांतपणे शेंडे खुडत होते, भाजीवालीसारखे. अभयारण्याच्या दृष्टीने त्या पिकाला तिथे उगवायची परवानगी नव्हती. पक्ष्याला शिवायची परवानगी कोणालाच नव्हती.

एक म्हातारा बांधावरून आला. हातात गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आणि काठी. मला बघून जरा थबकला; कॅमेरा गळ्यात असला की लोक साहेब समजतात. मग रामराम केला, पक्ष्यांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे तोंड फिरवलं. मागे डबा वाजला, आणि सगळा थवा एकदम ओरडत धुक्यात उठला, एक गिरकी घेऊन पलीकडच्या वाफ्यात उतरला.